वहिनी करतील अ‍ॅडजस्ट

आमच्या गल्लीत ‘अ‍ॅडजस्ट करा’ म्हणणारे सगळेच, करणाऱ्या मात्र एकट्या चंद्रप्रभावहिनी. मी त्यांच्या समोरच्या घरात सून म्हणून आले, पंचायत समितीत कारकुनी करून निवृत्त झाले आणि आता दिवसभर ओट्यावर बसून असते. इतकी वर्षं त्यांचा उंबरा माझ्या डोळ्यांसमोर आहे. तेव्हा जे सांगते ते बघितलेलं सांगते, कुणाला लागलं तर लागू दे.

तुळजापुरात देवळाकडं उतरणाऱ्या रस्त्याला आमची गल्ली फुटते. वहिनींचे मिस्टर, अंबादासदादा, देवीचे पुजारी. पुजाऱ्याचं घर घरच्यांपेक्षा यजमानांचं जास्त असतं. आजा-पणजापासून ठरलेली घराणी. कुणी लातूरकडचं, कुणी सोलापूरचं, कुणी पार कर्नाटकातलं. गाडीतून उतरलं की आधी पुजाऱ्याच्या दारात. तिथंच अंघोळी, तिथंच पुरणाचा नैवेद्य रांधायचा, देवीची ओटी भरून आलं की तिथंच पंगत आणि तिथंच पथारी. दारात यजमान उभं राहिलं की घरातल्यांनी आपापली खोली मोकळी करायची. सासऱ्यांनी केली, नवऱ्यानं केली, त्यामुळं त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

वहिनी मूळच्या भूमच्या. वडील शाळामास्तर, घरात माणसं मोजकी. माहेरी एका खिडकीखालची जागा त्यांची होती, तिथं त्या भरतकाम करत बसायच्या. हे त्यांनी मला निदान शंभरदा सांगितलं असेल. लग्नानंतरच्या पहिल्याच नवरात्रात लातूरकडची मंडळी आली आणि नव्या जोडप्याची खोली त्यांना गेली. दादा तेव्हा कॉलेजात जाऊन आलेले, बोलण्यात चार इंग्रजी शब्द पेरायची हौस. त्यांनी दारातूनच सांगितलं, “जरा अ‍ॅडजस्ट कर हं.” वहिनींनी तो शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. अर्थ विचारायची लाज वाटली. त्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याला पाठ लावून निजल्या आणि अर्थ त्यांना कळला.

खरं तर आपल्याकडं शब्दांची काय कमी होती? सांभाळून घ्या, भागवून घ्या, जुळवून घ्या. पण हा बाहेरून आला आणि सगळ्यांच्या वर जाऊन बसला. एसटीत दोघांच्या सीटवर तिसरी बाई टेकते आणि म्हणते, अ‍ॅडजस्ट करा की ताई. काळी-पिवळीवाला दार लागत नाही तरी अजून एक गिऱ्हाईक कोंबतो, करा की अ‍ॅडजस्ट, नळदुर्ग काय लांब आहे. हॉटेलात चटणी संपली तर सांबारावर अ‍ॅडजस्ट करा. ऑफिसात आमचे साहेब म्हणायचे, बाई, जेवणाच्या सुट्टीत एवढं अ‍ॅडजस्ट करून टाका. आणि लग्नं जमवणारी मंडळी हमखास विचारतात, मुलगी अ‍ॅडजस्ट करणारी आहे ना? मुलाबद्दल हा प्रश्न विचारलेला मी अजून ऐकलेला नाही.

एकदा चिडून मी मुलाच्या डिक्शनरीत बघितलं. नीट बसवणे, जुळवून घेणे, हवं तसं थोडं सरकवणे. उदाहरणं होती घड्याळाच्या काट्याची, चष्म्याच्या दांडीची. काट्याला सरकवताना कुणी विचारत नाही, हे माझ्या लगेच ध्यानात आलं. मी ते वहिनींना जाऊन सांगितलं. त्या पुरण वाटत होत्या. हसून म्हणाल्या, “राजेश्वरी, तुझं डोकं लई चालतं बघ. जरा ती परात इकडं सरकव.”

हाच त्यांचा माझ्या लेखी दोष. त्यांना ते जमायला लागलं होतं आणि पुढं पुढं त्याचा त्यांना अभिमान वाटायला लागला. त्यांच्या साड्या कपाटात नसायच्याच; एका चादरीत गाठोडं बांधून ठेवलेल्या, म्हणजे कपाट कधीही मोकळं करता यावं. आंघोळ सगळ्यांच्या आधी तरी नाहीतर सगळ्यांच्या शेवटी. जेवण उभ्यानं. पाहुणे म्हणायचे, “काकू, तुम्हाला लई त्रास झाला,” की वहिनींचा चेहरा फुलायचा. “छे हो, होतंय अ‍ॅडजस्ट.” गल्लीत कुणाकडं कार्य असलं, भांडी कमी पडली, जागा कमी पडली, की एकच वाक्य: वहिनी करतील अ‍ॅडजस्ट. मीसुद्धा म्हटलंय, खोटं कशाला बोलू.

मी एकदा त्यांना म्हटलं, “अहो, देवीलासुद्धा वर्षातनं तीनदा पलंगावर निजवतात. सिंहासनावरून उतरवून, गादीवर. तुमचा पलंग कुठं आहे?”

“देवीची बरोबरी करू नये,” असं म्हणून त्यांनी कानाला हात लावले आणि उठून गेल्या.

आता नीरजाचं सांगते. वहिनींना दोन मुलं, थोरला वरद आणि धाकटी नीरजा. वरद बापाबरोबर देवळात जायचा, कुठंही आडवा व्हायचा. नीरजा तशी नव्हती. तिला तिच्या वस्तू तिच्या जागेवर लागायच्या. पेन्सिल इथं ठेवली होती, कुणी घेतली? माझ्या पुस्तकावर हळदीचं बोट कुणाचं? दहावीच्या वर्षी ती दर मंगळवारी-शुक्रवारी दप्तर घेऊन माझ्याकडं यायची. त्या वारी देवीला गर्दी, घरात पाय ठेवायला जागा नसायची. माझ्या पुढच्या खोलीत बसून अभ्यास करायची. एकदा तिनं मला विचारलं, “मावशी, तुमच्या घरात कुणीच कसं येत नाही?” मी म्हटलं, “आमी पुजारी न्हाय, कारकून हाय. कारकुनाकडं कोण येतंय?” ती हसली नाही. म्हणाली, “किती बरं आहे.”

ती शिकली, पुण्याला नोकरीला लागली, लग्न झालं. जावई चांगला, सासरची माणसं चांगली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं, ते तर ठरलेलंच असतं. वहिनींनी त्या पावसाळ्यात मागची खोली तयार करायला घेतली. तळमजल्यावर तेवढी एकच नीट खोली, बाकीच्या वर जिन्यानं. भिंतींना फिकट हिरवा रंग दिला. सोलापूरहून लाकडी कॉट आणली. खिडकीला पडदा शिवला, तोही स्वतः, आणि पडद्याच्या काठाला बारीक वेल भरली. इतक्या वर्षांनी त्यांच्या हातात मी सुई-दोरा बघितला. मला हाताला धरून नेऊन खोली दाखवली आणि म्हणाल्या, “ही आता माझ्या नीरजाची. कुणी का येईना, ही द्यायची न्हाई.”

नीरजा सातवा महिना लागल्यावर आली. खोली बघून ती इतकी खूश झाली की आल्या आल्या पुस्तकं खिडकीत मांडली, पाण्याची बाटली उशाशी, बाळाची झबली खणात. नवरात्र गर्दीत गेलं, पण त्या खोलीचं दार कुणी उघडलं नाही. वहिनींनी दाराबाहेर स्वतःची पथारी टाकली होती. मला वाटलं, चला, बाई एकदाची शहाणी झाली.

दसरा झाला. देवी पलंगावर निजली आणि पौर्णिमेच्या यात्रेला माणसं यायला लागली. सोलापूरच्या वाटेनं चालत येणाऱ्यांचा लोंढा, त्यात कर्नाटकातून लक्ष्मम्मांची जीप आली. लक्ष्मम्मा म्हणजे दादांच्या आजोबांपासूनचं यजमान घराणं. दरसाल पौर्णिमेला यायच्या, चार दिवस राहायच्या. त्या साली मांडीचं हाड मोडून बरं झालेलं, दोन नातवांनी त्यांना खुर्चीसकट उचलून ओट्यावर आणलं. बाई भली. त्यांचं मराठी तोडकं, पण माया पुष्कळ. वहिनींच्या गालांवरून हात फिरवून म्हणाल्या, “अक्का, पाय गेला. जिना नको आता. खाली कुठं बी चालतंय, तुमच्या ओट्यावर बी चालतंय.”

मी तिथंच होते. ओटीचे नारळ सोलायला मला बोलावलं होतं. दादा काही बोलले नाहीत. खरंच बोलले नाहीत, त्यांच्यावर मी उगाच आळ घेणार नाही. त्यांनी नुसतं वहिनींकडं बघितलं. लक्ष्मम्मांनी खोली मागितली नव्हती. त्यांना आमच्या घरी आणता आलं असतं, मी तोंड उघडलंही होतं. पण वहिनींचा शब्द माझ्याआधी बाहेर पडला.

“ओट्यावर कशाला? मागची खोली आहे की. नीरजा करेल अ‍ॅडजस्ट. घरचीच आहे ती.”

नीरजा मागच्या दाराशी उभी होती. तिनं ऐकलं. आईनं तिच्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही, कारण बघायची गरजच वाटली नाही. स्वतःच्या हातापायाला काय विचारायचं असतं? वहिनींनी आयुष्यभर स्वतःला विचारलं नव्हतं, तसंच लेकीलाही विचारलं नाही. एवढंच झालं. कुणी ओरडलं नाही, कुणी रडलं नाही. नीरजानं आत जाऊन पुस्तकं काढली, झबली काढली, गादीची वळकटी केली आणि स्वयंपाकघरात आणून ठेवली. मी म्हटलं, “नीरजा, माझ्याकडं चल बाळा.” ती म्हणाली, “नको मावशी. आईला वाईट वाटेल.”

त्या चार दिवसांत ती स्वयंपाकघरात निजली, पोटाखाली उशी घेऊन. पहाटेपासून चुली, पुरणाच्या वाफा, ये-जा करणाऱ्या बाया तिच्या पायांवरून ओलांडून जायच्या आणि प्रत्येकजणी म्हणायची, अगं बाई, इथं कशाला निजलीस? वहिनी पोळ्या लाटता लाटता हसून सांगायच्या, “तिला सवय आहे.” मी ते ऐकलं तेव्हा लाटणं हिसकावून घ्यावं असं वाटलं. घेतलं मात्र नाही.

पौर्णिमा झाल्याबरोबर जावई गाडी घेऊन आले. नीरजा म्हणाली, पुण्याची डॉक्टरीण चांगली आहे, नाव तिथंच घातलंय, सगळं तिथंच बरं पडेल. बोलणं इतकं सरळ की वहिनींना पटलं. खोली तर मोकळी झालीच होती. लक्ष्मम्मांनी जाताना कॉटवरची चादर नीट घडी घालून ठेवली होती. वहिनी म्हणाल्या, “अगं, आता रिकामी झाली की खोली.” नीरजा म्हणाली, “असू दे आई.” आईच्या पाया पडली, माझ्या पाया पडली आणि गाडीत बसली. वैष्णवी पुण्यात झाली. डिंकाचे लाडू वहिनींनी एसटीनं नेऊन दिले.

त्यानंतर नीरजा माहेरी रात्री राहिली नाही. हे कळायलाही वहिनींना काही वर्षं लागली. ती यायची, नाही असं नाही. सकाळी यायची, देवीला जायची, जेवायची आणि उन्हं उतरायच्या आत निघायची. वैष्णवीची शाळा आहे, ह्यांची मीटिंग आहे, घाटात अंधार नको. कारण दरवेळी खरंच असायचं. फोन दर रविवारी. आईच्या गुडघ्यांचं विचारायची, वडिलांच्या बीपीचं विचारायची, औषधं पाठवायची. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं. इथं मिटवायला काही हाताला लागत नव्हतं.

एका दिवाळीत वहिनी माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. मी करंज्या करत होते. त्या एकदम म्हणाल्या, “राजेश्वरी, ती त्या खोलीवरनं रागावलीय का गं?”

मला सांत्वन करायला जमत नाही. मी म्हटलं, “रागावली न्हाय. तिनं जागा ओळखली आपली.”

वहिनींनी ताटातली एक करंजी उचलली, परत ठेवली. मग म्हणाल्या, “मी तिला माझ्यासारखी समजले.” आणि पदरानं डोळे पुसले. त्यांच्या तोंडून असं बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं. करंजी तळायची सोडून मी त्यांचा हात धरून बसले.

मधल्या काळात गाव बदललं. बायपासला लॉज उठले, भक्तनिवासं झाली, एसीच्या खोल्या, गरम पाणी, लिफ्ट. यजमान आता वरदला मोबाईलवर सांगतात, तोच त्यांच्या राहण्याची व्यवस्था लावून देतो. वरद स्वतः नव्या कॉलनीत राहायला गेला. लक्ष्मम्मा गेल्या, त्यांची सून, नातसुना येतात, पूजेपुरत्या दारात टेकतात, नैवेद्य करून घेतात आणि लॉजवर जातात. ज्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती तिथं आता दोन म्हातारी माणसं. वरच्या खोल्यांना कुलपं. मागच्या खोलीला मात्र नाही. ती वहिनी रोज झाडतात, आठवड्याला चादर बदलतात. तो वेलीचा पडदा धुऊन धुऊन विरला, तरी तोच लावतात. मध्यंतरी दादांचा एक भाचा दोन दिवस येणार होता, त्याला खोली द्या म्हटलं तर वहिनींनी चक्क वरच्या खोलीचं कुलूप काढलं. दादा माझ्याकडं बघून म्हणाले, “हिला काय झालंय?” मी म्हटलं, “उशीर झालाय, दादा.” त्यांना काही कळलं नाही.

यंदा मार्गशीर्षात नीरजाचा फोन आला. पुण्यात नवा फ्लॅट घेतलाय, देवीची ओटी भरायची आहे, शुक्रवारी येतो आणि शनिवारी निघतो. वहिनी फोन ठेवून तशाच माझ्याकडं धावत आल्या, पायात चप्पल नाही. “शनिवारी जाणार म्हणाली! म्हणजे मधी रात्र आली का न्हाई?”

“आली,” मी म्हटलं.

“मग राहणार ती.”

त्या आठवड्यात त्यांनी जे काय केलं, त्याला तोड नाही. कॉटच्या गाद्या उन्हात टाकल्या. नवी चादर आणली, फिकट जांभळी, नीरजाला तो रंग आवडायचा म्हणून. वैष्णवीसाठी शेजारी दुसरी गादी. खिडकीतल्या फळीवर पुस्तकं ठेवायला जागा केली आणि ती पुसून ठेवली. उशाशी पाण्याची बाटली. मला सारखं विचारायच्या, अजून काय ठेवू गं? मी म्हटलं, “तुमी आता गप बसा.” पण खरं सांगायचं तर माझाही जीव वरखाली होत होता.

शुक्रवारी सकाळी नीरजा, जावई आणि वैष्णवी आले. हातात पूजेची पिशवी आणि एक पर्स. वहिनी दारात ओवाळायचं ताट घेऊन उभ्या. त्यांची नजर गाडीच्या डिकीकडं.

“सामान काढा की,” त्या म्हणाल्या.

“सामान लॉजवर टाकून आलो आई,” नीरजा म्हणाली. “ह्यांनी आधीच बुक करून ठेवलं होतं. तुझी कशाला धावपळ? ह्या वयात.”

ताटातलं निरांजन हललं, पण वहिनींनी ओवाळलं. जावयाच्या कपाळाला कुंकू लावलं, नातीच्या लावलं, लेकीच्या लावलं. मी ओट्यावरून बघत होते. मला त्या पोरीचा राग आला आणि लगेच तिची दयाही आली, आता यातलं कुठलं खरं ते माझं मलाच ठरवता येईना.

ओटी भरून झाली, पुरणाचं जेवण झालं. जावई लॉजवर आराम करायला गेले, दादा एका यजमानाच्या पूजेसाठी परत देवळात गेले. आम्ही बायका मागच्या खोलीत बसलो. वैष्णवी कॉटवर लोळत आजीला नव्या घराचं सांगत होती. आठवीतली पोर, बडबडी. “आजी, मला माझी स्वतःची खोली आहे. दारावर माझं नाव लावलंय. आईसुद्धा आत यायचं तर दार वाजवते.”

“व्हय?” वहिनी म्हणाल्या. “दार वाजवती?”

“हो मग. आणि मी ये म्हटलं तरच येते.”

नीरजा खाली बघून बांगडी फिरवत होती. वहिनी पडद्याकडं बघत राहिल्या, मग वैष्णवीला म्हणाल्या, “जा बाळा, गच्चीवरनं देवळाचा कळस दिसतो का बघ.” पोरगी पळाली. मी उठायला लागले तर वहिनींनी माझा हात दाबून मला खाली बसवलं.

“नीरजा,” त्या म्हणाल्या, “त्या साली मी तुला न विचारता खोली दिली. पोटुशी लेक चुलीपाशी निजवली. मला तवा त्याचं काही वाटलं न्हाई, हेच मला आता लई लागतं. तू आज राहा. मी एवढंच मागते.”

नीरजाचे डोळे भरून आले. पण आवाज शांत होता, पुण्याच्या ऑफिसातला. “आई, लक्ष्मम्मांना खोली दिलीस त्याचं मला काहीच नव्हतं गं. त्यांना चालता येत नव्हतं. तू मला विचारलं असतंस ना, तर मीच उठून दिली असती.”

“मग आता राहा की.”

“सामान तिकडं लागलंय आई. वैष्णवीचा अभ्यास तिकडं मांडलाय. आता आम्हाला सवय झालीय.” ती थांबली आणि म्हणाली, “मला इथं झोप लागायची नाही. मी खोटं कशाला सांगू? कुणीतरी येईल आणि उठावं लागेल असं वाटत राहतं.”

तेवढ्यात वहिनींचा मोबाईल वाजला. दादा बोलत होते, मोठ्यानं, आम्हाला ऐकू येत होतं. लक्ष्मम्मांची नातसून आली आहे, तान्हं बाळ आहे, लॉजवर खोली संध्याकाळीच मिळणार, बाळ रडून हैराण. तिला घरी पाठवलंय, मागच्या खोलीत घटकाभर टेकू दे.

“जागा न्हाई म्हणून सांगा,” वहिनी म्हणाल्या.

 उभ्या हयातीत दादांनी हे वाक्य त्या तोंडून ऐकलं नव्हतं. “अगं, खोली तर रिकामीच आहे.”

“रिकामी न्हाई. माझी लेक बसलीय तिथं.”

वहिनींनी फोन ठेवला. चेहरा लाल झालेला. त्यांना वाटलं असेल, निदान एवढं तरी आपण केलं. मलाही तसंच वाटलं. पण नीरजा उठली. तिनं कॉटवरची जांभळी चादर हातानं सारखी केली, उशी झटकून ठेवली आणि म्हणाली, “आई, तान्हं बाळ आहे त्यांच्याजवळ. असं करू नये.”

ती पुढच्या दारात गेली. ती मुलगी बाळाला खांद्यावर घेऊन गल्लीच्या तोंडाशीच पोचली होती, घामानं भिजलेली, बिचारी बावरलेली. नीरजानं तिच्या हातातली पिशवी घेतली, बाळाला घेतलं, तिला आत आणलं. म्हणाली, “या. इथं वारा येतो. दार लावून घ्या, कुणी येणार नाही.” स्वतः पाण्याची बाटली भरून उशाशी ठेवली. मग दार ओढून घेतलं आणि पाठीमागं न बघता स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसली, त्याच भिंतीपाशी, जिथं तिची गादी असायची. वहिनी स्वयंपाकाच्या ओट्याशी उभ्या होत्या.  मी चहा ठेवला, कारण कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं.

बाळ झोपलं. आवाजानं ते उठेल म्हणून नीरजानं मिक्सरसुद्धा लावू दिला नाही.

उन्हं कलल्यावर जावई गाडी घेऊन दारात आले. नीरजा आईच्या पाया पडली. वहिनींनी तिच्या ओटीत तांदूळ-नारळ घातला आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. उद्या निघायच्या आधी येऊन जाते म्हणाली ती. वैष्णवीनं गाडीतून हात हलवला. गाडी वळणावरून गेली तरी वहिनी उंबऱ्यात उभ्याच.

आत मागच्या खोलीचं दार बंद होतं. ती मुलगी आणि तिचं बाळ निवांत झोपलेली होती. मी वहिनींच्या खांद्यावर हात ठेवला. 

वहिनी त्या बंद दाराकडं बघत म्हणाल्या, “बघितलंस ना राजेश्वरी? दिली असती गं तिनं. नुसतं विचारायचं होतं.”